रत्नागिरीत काढलेला कंबरेचा एमआरआय: एका इंजिन मिस्त्रीचा अभिप्राय

पाचापैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच. सेंटरचं नाव लिहीत नाही. चांगलं लिहिलं की लोक म्हणतात पैसे खाल्ले, वाईट लिहिलं की म्हणतात समोरच्याने लिहून घेतलं. ज्यांच्याकडे माझा नंबर आहे त्यांनी सरळ फोन करावा.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या मताला किती भाव द्यायचा ते तुम्ही ठरवा. मिरकरवाड्याला माझं बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. ट्रॉलरची डिझेल इंजिनं, गिअरबॉक्स, शाफ्ट, शिवाय बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टऱ्यांमधले अमोनियाचे कंप्रेसर. डॉक्टरकीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण मशीन जिवापाड जपलंय की नुसतं पुसून ठेवलंय, आणि चालवणाऱ्याला ते कळलंय की फक्त बटणं पाठ आहेत, हे मला उभ्या उभ्या कळतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. लोकांना वाटतं बंदर झोपलं. आमचा खरा सीझन तोच. सगळ्या बोटी वर ओढलेल्या आणि प्रत्येक मालकाला नारळी पौर्णिमेच्या आत इंजिन तयार हवं. त्याच धामधुमीत माझी कंबर धरली. कंबर म्हणजे नुसती कंबर नाही, डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या बाहेरच्या अंगाने पोटरीत उतरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत सणक जायची. शिंकलो की डोळ्यांपुढे काजवे.

आमचा एक तांडेल मित्र म्हणाला, "एमआरआय काढून टाक, एकदाचं दिसेल काय ते." मलाही तेच हवं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी मात्र चक्क नको म्हणून सांगितलं. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद जाणं, ताप, पूर्वी झालेला कॅन्सर, विनाकारण उतरलेलं वजन, मोठी पडझड, यातलं काही असेल तर लगेच काढायचा. नसेल तर पहिले सहा आठवडे फोटो काढून उपचारात फरक पडत नाही, बहुतेकांचं दुखणं तेवढ्यात उतरणीला लागतं. जगभर हीच रीत आहे म्हणाले. मी मनात म्हटलं, या माणसाला धंदा करायचा दिसत नाही.

सहा आठवडे संपता संपता त्यांनी मला टाचांवर चालायला लावलं, मग खाटेवर बसवून डाव्या पायाच्या अंगठ्यावर आपलं एक बोट ठेवलं. "मिस्त्री, अंगठा वर उचला." उचलेना. उजवा उचलला, डावा बोटाखाली तसाच. बोट एकच, आणि माझा पाय चेनब्लॉकच्या साखळ्या ओढून ओढून घडलेला. "आता काढा एमआरआय," ते म्हणाले आणि चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या: दुखणं कुठून कुठे जातं, आणि डावा अंगठा कमजोर. या दोन ओळींची किंमत मला पुढे कळली.

पूर्वी या तपासणीसाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं नाहीतर मुंबई. जुलैच्या पावसात, सणक मारणारा पाय घेऊन, दरड कोसळली की नाही याच्या बातम्या बघत. आता गावात होतंय ही सोयच मोठी. तरी "मुंबईलाच जा, तिकडे थ्री टेस्ला असतं" म्हणणारे भेटलेच. टेस्ला म्हणजे एमआरआयच्या चुंबकाची ताकद मोजायचं माप. इथलं मशीन दीड टेस्लाचं आहे. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. डॉक्टर म्हणाले, कंबरेच्या मणक्याला एवढं पुरतं. मेंदूतल्या काही बारीक गोष्टी, छोटे सांधे, प्रोस्टेट असं असेल तर तीनचा फायदा होतो. उलट पाठीत स्क्रू-पट्ट्या बसवलेल्या असतील तर दीडवरच चित्र कमी बिघडतं. हॉर्सपॉवर बघून इंजिन घेणारे मालक मी रोज बघतो, त्यामुळे मला हे पटायला फार वेळ लागला नाही.

आता सेंटरबद्दल. मला तिथलं सगळ्यात आवडलं ते मशीन नाही, तिथली टेक्निशियन मुलगी. चिपळूणकडची, वय असेल पंचवीस-सव्वीस. काउंटरवर फॉर्म भरून घेतला होताच. पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप आहे का, कानात मशीन, कवळी, स्टेंट, शरीरात कुठे धातू. बायकोने सगळीकडे भराभर "नाही" लिहिलं होतं. या मुलीने तो फॉर्म हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं तोंडी विचारलं. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "काका, काम काय करता?"

"इंजिनं दुरुस्त करतो."

"ग्राइंडर, वेल्डिंग?"

"रोजचंच."

"डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेलाय?"

आता हे कुणाला विचारता? आमच्या धंद्यात डोळ्यात कीस गेला नाही असा माणूस नाही. एकदा तर सिव्हिलमधून सुईने काढून आणला होता. तसं सांगितल्यावर तिने फाइल बंद केली. "आधी डोळ्यांचा एक्स-रे. त्यात काही दिसलं नाही तरच आत." मी म्हटलं, अगं कंबर दाखवायला आलोय, डोळे नाही. ती हसली, पण हलली नाही.

कारण तिने नंतर सांगितलं. डोळ्यात रुतून बसलेला लोखंडाचा बारीक कण त्या चुंबकात हलू शकतो. धातूचं काम करणाऱ्या एका माणसाची एमआरआयनंतर एका डोळ्याची नजर गेल्याची केस १९८६ सालीच वैद्यकीय मासिकात छापून आली आहे, आणि तेव्हाचं मशीन या दीडच्या मानाने खूपच कमी ताकदीचं होतं. माणसाला कण असल्याचं आठवतही नसतं. मिरकरवाडा, जयगड, हर्णै, जिथे जिथे वर्कशॉपवाली माणसं हे वाचत असतील त्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कुणी विचारो न विचारो, आपण होऊन सांगायचं. आणि पोरांनो, गॉगल घाला रे. मी सांगून थकलो.

एक्स-रे स्वच्छ निघाला. तोवर बाहेर बसलो होतो, तर एक आजी मंगळसूत्र काढायला तयार नव्हत्या. नवरा हयात असताना गळा मोकळा ठेवायचा नाही, विषय संपला. सून कावलेली, काउंटरवरचा मुलगा घड्याळ बघतोय. आतून तीच मुलगी आली, ड्रॉवरमधून काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं, हातभर दोरा तोडून चार काचेचे काळे मणी ओवले आणि आजींच्या गळ्यात बांधला. मग मंगळसूत्र निघालं, सुनेच्या पर्समध्ये गेलं. जोडवी मात्र साबण लावून काढावी लागली. म्हणजे रीळ आणि मणी ड्रॉवरमध्ये तयारच होते. माझ्याही कमरेचा करगोटा गेला, गळ्यातला ताईत गेला, खिशातला फीलर गेज गेला. तो कसा खिशात राहिला होता देव जाणे.

हे सगळे सोपस्कार बघून ज्यांना वैताग येतो त्यांच्यासाठी: जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं गेल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. सिलिंडरसकट तो मशीनकडे खेचला गेला आणि जिवाला मुकला. मशीन "बंद" असतं ही समजूतच चुकीची आहे. तपासणी बंद असते, चुंबक चोवीस तास चालू.

का, ते मला आत गेल्यावर उमगलं. आत शिरताच एका लयीत चिक्-चिक्, चिक्-चिक् असा आवाज. मी म्हटलं, हा तर थंडाव्याचा आवाज. ती म्हणाली, बरोबर, चुंबकाच्या आतली वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असतात, तो हेलियम थंड ठेवणाऱ्या यंत्राचा आवाज. आमच्या बर्फाच्या फॅक्टरीतला अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, तेवढ्यावर आम्ही मिशीला पीळ देतो. हेलियम उकळतो उणे २६९ ला. त्या थंडीत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेतून वीज कुठल्याही अडथळ्याशिवाय फिरत राहते. एकदा भरली की फिरतेच, मागून वीज द्यावी लागत नाही. म्हणून लाईट गेली तरी चुंबक जात नाही. जातो तो थंडावा, आणि तो फार वेळ गेला तर हेलियम उकळून छतावरच्या पाइपातून हवेत. हेलियम आपल्याकडे बाहेरच्या देशांतून येतो, स्वस्त नाही. फिलिप्सने २०१८ मध्ये जेमतेम ७ लिटर हेलियमवर चालणारं, आतून सीलबंद दीड टेस्लाचं मशीन काढलं. एरवी हजार-दीड हजार लिटर लागतो. आमच्यासारख्या वीज जाणाऱ्या मुलखात खरं तर तेच हवं.

बाहेर पडल्यावर मी इमारतीच्या मागे जाऊन चिलर बघून आलो. सवय. समुद्राच्या काठावर कंडेन्सरचे पत्रे खारं वारं दोन-तीन वर्षांत खाऊन टाकतं. इथे पत्र्यांवर कोटिंग होतं, धुतलेले होते, खाली गंजाची पूड नव्हती, शेजारी जनरेटर आणि त्याच्या टाकीवर तारीख लिहिलेली चिठ्ठी. या एका गोष्टीसाठी मी अर्धा स्टार जास्त दिला असता.

प्रत्यक्ष तपासणीत सांगण्यासारखं फार नाही. गुडघ्यांखाली उशी, कानात बोळे, वर हेडफोन, हातात रबरी फुगा. घाबरलात तर दाबा. अर्धा तास लागतो, एसी थंडगार, पांघरूण मागून घ्या. आवाज मात्र दणदणीत. ठक-ठक, मग घर्रर्र, मग परत ठक-ठक. लोक म्हणतात मशीन बिघडलंय की काय. बिघडलेलं नसतं. आतल्या दुसऱ्या वेटोळ्यांमधली वीज क्षणाक्षणाला चालू-बंद होते, आणि एवढ्या जोरदार चुंबकात वीज वाहणाऱ्या तारेला धक्का बसतोच, त्या धक्क्यांनी सगळा सांगाडा थरथरतो. स्पीकरचा पडदा हलतो तो याच कारणाने. मधेच लाईट गेली. जुलै आहे, जाणारच. हेडफोनमधून लगेच आवाज: "काका, यूपीएसवर आहोत, घाबरू नका. हा भाग परत घेते, हलायचं नाही." न सांगता तोच खराब भाग पुढे पाठवला असता तर मला कळलंही नसतं.

एका गृहस्थांना त्या दिवशी परत पाठवलं. त्यांच्या तपासणीत चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून औषध द्यायचं होतं, गॅडोलिनियमचं, आणि त्यांच्याकडे क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते त्याचा, रिपोर्ट नव्हता. मुलगा काउंटरवर बराच तणतणला. पण किडनी फार कमकुवत असलेल्यांत या प्रकारच्या काही जुन्या औषधांमुळे कातडी दगडासारखी घट्ट होत जाण्याचा आजार होतो हे २००६ मध्ये उघड झालं, तेव्हापासून किडनी आधी बघतात. साखरेचा जुना रोगी असेल तर घरून निघतानाच ताजा रिपोर्ट सोबत घ्या, एक खेप वाचेल.

आता कापलेला स्टार. फोनवर एक आकडा सांगितला, काउंटरवर दुसरा. वरचे पैसे फिल्मचे, म्हणे. मग फोनवर ते सांगायला काय झालं होतं? भिंतीवर गणपती आहे, धबधबा आहे, रेटचा बोर्ड नाही. डोळ्यांच्या एक्स-रेचे वेगळे पैसे घेतले ते मी आनंदाने दिले, कारण ते कशाचे ते मला कळलं होतं. न सांगता लागलेला पैसा मात्र मला पटत नाही. मी बोटमालकाला कामाआधी कागदावर लिहून देतो, मग यांना काय धाड भरलीय?

आणि रेटचा विषय निघालाच आहे तर, आपल्या कोकणातल्याच माणसाचं नाव घेतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे त्यांनी इथल्या रुग्णांवर काम करून दाखवलं आणि लॅन्सेटसारख्या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राने, रुग्ण पाठवला म्हणून, त्यांना १२०० रुपयांचा चेक पाठवला. त्यांनी तो परत केला आणि तक्रार केली. तेव्हा डॉक्टर जर म्हणत असेल "एमआरआय आत्ता नको", तर त्याच्यावर संशय घेऊ नका. माझ्या डॉक्टरांबद्दल मघाशी जे मनात म्हटलं ते मी त्यांना नंतर बोलूनही दाखवलं. हसले.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला, वाचणारे डॉक्टर मुंबईत बसतात. बायकोने घरी मोठ्याने वाचायला घेतला. एल३-एल४ बल्ज. एल४-एल५ एक्स्ट्रूजन. एल५-एस१ बल्ज. डिसिकेशन. फेसेट आर्थ्रोपथी. मल्टिलेव्हल डिजनरेटिव्ह चेंजेस. थांबली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या पाठीत धड काही उरलंय का?" त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही. मुलगा वर्कशॉप भाड्याने देण्यापर्यंत पोचला.

पुतणी फिजिओथेरपी शिकते, ती रविवारी आली आणि तिने आम्हाला गप्प बसवलं. तिने सांगितलेलं इथे लिहितो, कारण प्रत्येक एमआरआयच्या पाकिटात हा कागद घालायला हवा. १९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांच्या कंबरेचे एमआरआय काढले, आणि ती सगळी माणसं अशी होती की ज्यांची कंबर दुखतच नव्हती. त्यातल्या ५२ टक्क्यांना कुठे ना कुठे बल्ज होता, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती फुगून बाहेर आलेली. सगळ्या चकत्या ठणठणीत असलेले फक्त ३६ टक्के. २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांची एकत्र बेरीज केली, काहीही न दुखणारी ३,११० माणसं. विशीतसुद्धा ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या, पन्नाशीत ८० टक्क्यांच्या, ऐंशीत ९६. पन्नाशीत बल्ज ६० टक्क्यांना. माझं वय त्रेपन्न. म्हणजे त्या यादीतल्या निम्म्याहून अधिक गोष्टी मिरकरवाड्याच्या जेटीवर उभ्या असलेल्या कुठल्याही माझ्या वयाच्या माणसात सापडतील, तो टोपली डोक्यावर घेऊन पळत असला तरी.

मग मी विचारलं, हे रिपोर्टवरच का छापत नाहीत? तर म्हणे तोही प्रयोग झालाय. अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांना धरून. रिपोर्टमध्ये एक परिच्छेद घालायचा, की या वयात न दुखणाऱ्यांमध्येही हे इतक्या टक्के दिसतं. २०२० मध्ये निकाल आला. पुढच्या तपासण्या, इंजेक्शनं, ऑपरेशनं यांचा एकूण पसारा त्याने कमी झाला नाही, अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या तेवढ्या किंचित कमी लिहिल्या गेल्या. मला यात नवल वाटलं नाही. माणूस घाबरला की बारीक अक्षर वाचत नाही. शेजारी बसून कुणी सांगावं लागतं.

माझ्या बाबतीत ते काम डॉक्टरांनी केलं. फिल्म उजेडावर धरली. या प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, म्हणून ओलसर चकती उजळ आणि सुकलेली काळी. माझ्या खालच्या तीनही काळ्या. "याच्याकडे बघू नका. इथे बघा." एल४-एल५ मधून, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीतून, डावीकडे एक काळा ठिपका बाहेर आलेला आणि पांढऱ्या पाण्यात उतरणारी एक नस त्याने बाजूला रेटलेली. तीच एल५ ची नस, तीच अंगठ्याची. चिठ्ठीवरच्या त्या दोन ओळी टेक्निशियनने जशाच्या तशा मुंबईला टाइप करून पाठवल्या होत्या, म्हणून रिपोर्टच्या शेवटच्या वाक्यात "रुग्णाच्या लक्षणांशी जुळणारे" असं या एकाच जागेबद्दल लिहून आलं होतं. बाकीची यादी म्हणजे पन्नाशी. बाहेर पडलेला चकतीचा तुकडा पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेतं, म्हणून अंगठ्याची ताकद बघत थांबायचं, घटत गेली तर ऑपरेशन. घटली नाही. आता अंगठा बोटाला बऱ्यापैकी दाद देतो, गिअरबॉक्स मात्र पोरंच उचलतात.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं "एमआरआय कंबर" असेल तर परत जाऊन लक्षणं लिहून घ्या. पैसे फिल्मसह किती ते आधी विचारा. शक्यतो सकाळची वेळ घ्या, दुपारनंतर वेळापत्रक पार कोलमडतं. सीडी मागून घ्याच, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर रिपोर्टच्या कागदापेक्षा तीच कामाची. आणि पावसाळ्यात फिल्म पाकिटातून काढून मधे कागद घालून ठेवा. आमच्या दमट हवेत त्या एकमेकींना चिकटतात, माझ्या दोन चिकटल्यात.